मंडईंतील कुत्रा कोणाचा ?

सार्वजनिक जागा म्हणजे काय, हें समजावून सांगण्यास पुण्याच्या महात्मा फुले मंडईसारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. १८८६ सालीं ‘रे मार्केट’ या नांवानें ती उघडली. नगरपालिकेच्या पैशानें एवढी थोरली अष्टकोनी इमारत उभारण्यास ज्या जोतीराव फुल्यांनीं विरोध केला, त्यांचेंच नांव पुढें तिला मिळालें. पैसा सर्वांचा, म्हणून जागाहि सर्वांची. सकाळीं आठ वाजतां येथें शुक्रवार पेठेंतील एखादी आजी मेथीची जुडी निवडीत असते, हमाल डोक्यावर पाटी घेऊन ‘बाजूला व्हा’ म्हणत वाट काढीत असतो, आईबरोबर आलेला मुलगा तिच्या पिशवीचा बंद धरून चालत असतो. आणि या सगळ्यांच्या पायांतून कुत्रींहि हिंडत असतात. त्यांपैकीं एखादें साखळीला बांधलेलें, न्हाऊंमाखूं घातलेलें असतें. बाकीचीं गाळ्यांच्या जोत्यापाशीं पाय ताणून पडलेलीं असतात, आणि सर्व गर्दी त्यांना वळसा घालून जात असते.

मंडईंत कोणाला कुत्रा चावला म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो ‘हा कुत्रा कोणाचा ?’ असा. गाळेवाला म्हणतो, माझा नव्हे, नुसता माझ्या गाळ्यापुढें झोपतो. चहावाला म्हणतो, माझा नव्हे, मी फक्त पाव टाकतों. पलीकडच्या वाड्यांतील गृहस्थ म्हणतात, आमचा होता, पण आतां तो गल्लीचाच झाला आहे. कायद्यापाशीं मात्र या प्रश्नाचें उत्तर आहे, आणि तें बहुतेकांच्या समजुतीहून निराळें आहे. कायद्याच्या दृष्टीनें सार्वजनिक जागेंतील प्रत्येक कुत्र्यामागें कोणी ना कोणी जबाबदार उभा असतो. पाळीव असेल तर पाळणारा, बेवारशी असेल तर महानगरपालिका. आणि बेवारशी कुत्र्याला जो नेमानें खाऊं घालतो, त्याच्याकडेहि या जबाबदारीचा एक वांटा येतो.

पाळीव कुत्र्यापासून आरंभ करणें बरें, कारण तेथें संशयाला जागा कमी. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंतच, २८९ व्या कलमांत, असें म्हटलें होतें कीं, आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असतां जो जाणूनबुजून अथवा हयगयीनें पुरेशी खबरदारी घेत नाहीं, तो अपराधी होय. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्यांत हें कलम २९१ वें झालें; सहा महिन्यांपर्यंतची कैद तशीच राहिली आणि दंडाची मर्यादा एक हजारावरून पांच हजार रुपयांवर गेली. यांतील ‘हयगय’ हा शब्द नीट ध्यानांत घेण्याजोगा आहे. आपला कुत्रा कोणाला चावावा अशी इच्छा कोणाचीच नसते. पण कायदा इच्छा विचारीत नाहीं, खबरदारी विचारतो. शिवाय या कलमाला प्रत्यक्ष चावा लागलाच पाहिजे असें नाहीं. धोका दिसत असतां तो टाळण्याची तजवीज केली नाहीं, एवढ्यावरहि अपराध पुरा होऊं शकतो. १९५१ च्या पोलीस कायद्यानेंहि अंगावर धांवून जाणारा कुत्रा मुसक्याशिवाय रस्त्यावर मोकळा सोडण्यास, तसेंच कुत्र्याला कोणाच्या अंगावर घालण्यास मनाई केली आहे. मुसकें म्हणजे तोंडाला बांधावयाची जाळी. तिच्यांतून कुत्र्याला श्वास घेतां आला पाहिजे आणि पाणीहि पितां आलें पाहिजे. तोंड दोरीनें आवळून टाकणें म्हणजे मुसकें नव्हे.

याखेरीज पुणें महानगरपालिकेचा परवाना आहे. कुत्रा पाळणारानें तो घ्यावा, दरवर्षीं नवा करून घ्यावा, आणि त्यासाठीं रेबीजची लस टोचल्याचा दाखला दाखवावा, अशी ही व्यवस्था आहे. पुष्कळ सुशिक्षित घरांत स्कूटरचे कागद जपून ठेवलेले असतात आणि कुत्र्याचा परवाना मात्र काढलेलाच नसतो. परवान्याचा उपयोग दंड चुकविण्यापुरताच आहे असें नव्हे. उद्यां हाच कुत्रा ढोल-ताशांच्या आवाजानें बिथरून साखळी तोडून पळाला, तर तो कोणाचा हें सांगणारी खूण त्याच्या पट्ट्यावरच असावी लागते.

‘घाबरूं नका, तो कांहीं करीत नाहीं,’ हें वाक्य पुण्याच्या रस्त्यांवर दिवसांतून किती वेळां उच्चारलें जात असेल याची गणती नाहीं. तें बोलणारा खोटें बोलत नसतो. घरांतल्या माणसांना त्या कुत्र्यानें खरोखरच कधीं कांहीं केलेलें नसतें. पण घरीं त्याला सगळे वास ओळखीचे, सगळे आवाज ओळखीचे आणि झोपावयाची जागा ठरलेली असते. मंडईंत हातगाडीचें चाक त्याच्या पंजाला घासून जातें, हमालाच्या डोक्यावरची पाटी त्याला भलत्याच आकाराचें जनावर वाटते, गाळ्याच्या आडून दुसरा कुत्रा गुरगुरतो, आणि नेमकें त्याच वेळीं एखादें लहान मूल कौतुकानें त्याच्या गळ्यांत हात टाकतें. भ्यालेला कुत्रा आधीं पळूं पाहतो. साखळीमुळें पळतां येत नसेल तर दांत दाखवितो. शेपटी पोटाशीं घेणें, कान मागें पाडणें, भलत्या वेळीं जांभया देणें, ओठ चाटणें, अंग ताठ करून एकटक पाहणें, या खुणा भुंकण्याच्या पुष्कळ आधीं दिसतात. त्या ओळखणें हें साखळी धरणाराचें काम आहे. जवळून जाणारा अनोळखी मनुष्य त्या ओळखील अशी अपेक्षा ठेवणें योग्य नव्हे.

साखळी कोणी व कशी धरावी, यालाहि शास्त्र आहे. गर्दींत ती हात-दीड हातच मोकळी असावी. आपोआप लांबत जाणारी दोरी मैदानावर ठीक, बाजारांत ती दुसऱ्यांच्या पायांत अडकते. ती धरणाराला तो कुत्रा ओढून थांबवितां आला पाहिजे. आठ वर्षांच्या मुलाच्या हातीं मोठा कुत्रा देऊन त्याला कोपऱ्यावर पिटाळणें म्हणजे मुलगा आणि कुत्रा दोघांनाहि धोक्यांत घालणें होय. साखळी गाळ्याच्या गजाला किंवा उभ्या स्कूटरला अडकवून खरेदीस जाणें हाहि तसाच प्रकार. खरें पाहतां, भाजी आणावयाची आणि कुत्रा फिरवावयाचा हीं दोन कामें एका फेरींत उरकण्याचा मोह आवरलेलाच बरा. मंडईबाहेर कित्येक बायका जमिनीवर गोणपाट पसरून कोथिंबीर-पालक विकावयास बसतात. कुत्र्याला उभ्या टोपलीचें आणि दिव्याच्या खांबाचें अंतर समजत नाहीं. एकदां त्यानें पाय वर केला म्हणजे त्या बाईची सकाळची कमाई गेली, आणि ‘सॉरी’ या शब्दानें ती भरून येत नाहीं. विष्ठेच्या बाबतींतहि हेंच. कागद किंवा पिशवी बरोबर ठेवून घाण तेव्हांच उचलावयाची. ‘झाडूवाला येईलच’ हें उत्तर नव्हे.

मात्र साखळी म्हणजे चोवीस तासांची साखळी असा अर्थ कोणी करूं नये. १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमान्वयें, नेहमीं बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला जो धनी वाजवी व्यायाम देत नाहीं तो अपराधी ठरतो. तसाच जनावराला कारणावांचून तहानभुकेनें हाल होतील अशा स्थितींत सोडून देणाराहि. पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड असें तेव्हां ठरलें. आज पन्नास रुपयांत मंडईंतून पिशवीभर भाजीहि येत नाहीं, ही गोष्ट निराळी. पण रकमेकडे न पाहतां त्यामागचें कारण पाहिलें पाहिजे. दिवसभर गच्चीवर बांधलेला कुत्रा सायंकाळीं रस्त्यावर आला म्हणजे जो दिसेल त्याच्यावर झेप घेतो. म्हणजे घरांतील निष्काळजीपणाचा त्रास बाजारांत दुसऱ्यालाच होतो. आणि हौसेनें आणलेलें पिल्लूं मोठें होऊन जड झालें कीं, ‘तेथें खायला मिळेल’ अशा समजुतीनें रात्रीं मंडईच्या आसपास सोडून देणें, हा तर त्याच कलमाकडे नेणारा मार्ग आहे. असा कुत्रा दुसऱ्या दिवशीं ‘गल्लीचा’ होतो आणि त्याची जबाबदारी साऱ्या शहराच्या गळ्यांत पडते.

बेवारशी कुत्र्यांचा विषय निघाला कीं ‘मारून टाका’ अशी मागणी कोणीतरी करतोच. ती नवी नाहीं. मुंबईंत इंग्रज सरकारनें वर्षांतील ठराविक काळांत मोकाट कुत्रीं मारण्याचा नियम केला होता आणि कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस ठेवलें होतें. लोभ सुटला म्हणजे मोकाट कोणता आणि घरचा कोणता, हें पाहतो कोण ? ६ जून १८३२ रोजीं पारशी मंडळींनीं या प्रकाराविरुद्ध उठाव केला. पारशी धर्मांत अंत्यविधीच्या वेळीं प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा आचार आहे. कुत्र्याची हत्या त्यांना सहन होणें शक्य नव्हतें. हिंदु, जैन व मुसलमानहि त्यांना मिळाले, बाजार बंद पडला, आणि सैन्याला जाणारी रसद अडली. दत्ताच्या पायांशीं चार कुत्रे आणि खंडोबाच्या सोबतीला कुत्रा पाहत आलेल्या समाजांत या कामाला लोकांची सहानुभूति कधींच मिळाली नाहीं.

पण भावनेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी मारण्याचा किंवा दूर नेऊन सोडण्याचा उपाय हिशेबाला उतरत नाहीं. मंडईच्या भोंवतीं खाणावळी, चहाच्या टपऱ्या आणि उष्टें-खरकटें जोंपर्यंत आहे, तोंपर्यंत तेथील दहा कुत्रे उचलले तर ती जागा रिकामी राहत नाहीं. शेजारच्या पेठांतून दुसरे दहा येतात. ते नवे असल्यामुळें आधीं आपसांत भांडतात, माणसांना ओळखत नाहींत, आणि त्यांना लस टोचलेली असण्याचा संभव कमी. कुत्रीचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा, आणि ती वर्षांतून दोनदांहि विऊं शकते. तेव्हां उचलून नेण्याच्या वेगापेक्षां जन्माचा वेग नेहमींच अधिक ठरतो.

या अनुभवावरून २००१ सालीं केंद्र सरकारनें कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले, आणि १० मार्च २०२३ रोजीं त्यांच्या जागीं नवे नियम आले. त्यांप्रमाणें पाळीव कुत्र्याच्या लशीची व जंतांच्या औषधाची जबाबदारी धन्याची, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचें निर्बीजीकरण व लसीकरण हें स्थानिक संस्थेचें कर्तव्य. कुत्रा पकडावयाचा, शस्त्रक्रिया करावयाची, रेबीजची लस टोचावयाची, ओळखीसाठीं कानाला खांच द्यावयाची, आणि जेथून नेला तेथेंच आणून सोडावयाचा, असा हा क्रम आहे. यामुळें ‘गाडीनें नेलेला कुत्रा चार दिवसांत परत आणून सोडला’ ही जी तक्रार पेठांतून वारंवार ऐकूं येते, ती वस्तुतः तक्रार नव्हे. नियम पाळला गेल्याची ती साक्ष आहे. शस्त्रक्रिया झालेला कुत्रा आपली हद्द राखतो आणि नव्यांना येऊं देत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें, एखाद्या भागांतील निदान शेंकडा सत्तर कुत्र्यांना लस टोचली गेली तर रेबीजची सांखळी तुटते. म्हणून नागरिकानें विचारावयाचा खरा प्रश्न असा कीं, मंडईंतल्या किती कुत्र्यांच्या कानाला खांच आहे ? बिनखांचेचा कुत्रा कोठें बसतो, किती वाजतां दिसतो, रंग कोणता, पिल्लें आहेत काय, एवढें लिहून तक्रार दिली तर पकडणाराला तो सांपडतो. ‘आमच्याकडे कुत्रीं फार झालीं आहेत’ एवढ्याच तक्रारीवर गाडी येते, एक फेरी मारते आणि निघून जाते.

२०२५ सालीं या विषयाला सर्वोच्च न्यायालयांत मोठें वळण मिळालें. ११ ऑगस्ट रोजीं दिल्ली व भोंवतालच्या भागांतील सगळींच भटकीं कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम झाला. त्यावर देशभर वाद माजला, आणि २२ ऑगस्ट रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो बदलला. निर्बीजीकरण व लस झालेले कुत्रे मूळ जागीं सोडावेत. पिसाळलेले, पिसाळल्याचा संशय असलेले आणि अंगावर धांवून जाणारे मात्र सोडूं नयेत, असें ठरलें. पुढें ७ नोव्हेंबरच्या हुकुमानें शाळा-कॉलेजें, रुग्णालयें, क्रीडासंकुलें, बसस्थानकें आणि रेल्वे स्टेशनें यांच्या आवारांतील कुत्रीं हलवून निवाऱ्यांत ठेवावींत आणि तीं परत तेथें सोडूं नयेत, असें सांगितलें गेलें. त्या यादींत भाजीबाजाराचें नांव नाहीं. तेव्हां जो मंडईंतील गाळेवाला शेजारच्या शाळेचा दाखला देऊन ‘आमचींहि न्या’ म्हणतो, त्याला तो दाखला लागू पडत नाहीं.

आतां खाऊं घालणाऱ्यांविषयीं. त्यांच्या भूतदयेला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पुण्यांतील पुष्कळ कुत्रीं त्यांच्याच हातून शस्त्रक्रियेसाठीं पकडलीं जातात, कारण जाळें घेऊन आलेल्या माणसाला पाहून पळणारा कुत्रा ओळखीच्या हातापाशीं येतो. पण दया करण्यालाहि स्थळकाळ आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणें जिना, इमारतीचें दार आणि मुलांची खेळण्याची जागा यांपासून दूर, मुलें व म्हातारीं माणसें ये-जा करीत नसतील अशा वेळीं खाऊं घालावें, आणि नंतर जागा स्वच्छ करावी. २२ ऑगस्टच्या हुकुमानें याहून पुढें जाऊन प्रत्येक वॉर्डांत त्यासाठीं जागा नेमून देण्यास महानगरपालिकांना सांगितलें व रस्त्यावर खाऊं घालण्यास मनाई केली. सकाळीं आठ वाजतां मंडईच्या दारांत बिस्किटांचा पुडा फोडणारा मनुष्य कुत्र्यांना गर्दीच्या वाटेवरच वाट पाहावयास शिकवितो. मग पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाकडे तीं त्याच आशेनें धांवतात. दुसऱ्या बाजूस, संतापानें विष घालणाऱ्यानें हेंहि लक्षांत ठेवावें कीं, जनावर मारणें किंवा लुळें करणें यास न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वयें पांच वर्षांपर्यंत कैद आहे.

एवढी सगळी काळजी कशासाठीं, याचें उत्तर रेबीज या एका रोगांत आहे. त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य वांचत नाहीं. लक्षणांपूर्वीं उपाय केला तर तो जवळजवळ खात्रीनें वांचतो. जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात असा अंदाज आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें त्यांतील शेंकडा छत्तीस भारतांतील आहेत. संशयित जनावर चावलेल्यांत शेंकडा चाळीस पंधरा वर्षांखालील मुलें असतात. मूल घरीं सांगत नाहीं, कारण मार बसेल अशी भीति वाटते. यासाठीं कुत्र्यानें नख मारलें तरी सांगावयाचें, रागावणार नाहीं, हें मुलांना आधींच सांगून ठेवलें पाहिजे. अंगावर आलेल्या कुत्र्यापुढें पळूं नये, ओरडूं नये, त्याच्या डोळ्यांत डोळे घालूं नयेत. हात अंगाशीं धरून स्थिर उभें राहावें व हळूहळू मागें सरावें. जेवत असलेल्या, झोपलेल्या आणि पिल्लें जवळ असलेल्या कुत्रीजवळ तर जाऊंच नये.

चावा बसलाच तर पहिलें औषध घरांतच आहे. वाहत्या पाण्याखालीं साबणानें जखम पूर्ण पंधरा मिनिटें धुवावी, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट यांपैकीं कांहींहि भरूं नये. नंतर लगेच डॉक्टर किंवा सरकारी दवाखाना. पोटांत चौदा सुया टोचतात या जुन्या धास्तीनें अजूनहि कित्येकजण टाळाटाळ करतात; ती जुनी लस भारतांत २००४ च्या अखेरीस बंद झाली. आतांची लस दंडांत देतात : कातडींत द्यावयाची तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ व २८ व्या दिवशीं, स्नायूंत द्यावयाची तर ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशीं. जखम खोल असेल, रक्त आलें असेल, तर लशीबरोबर जखमेंत प्रतिविषाचें इंजेक्शनहि द्यावें लागतें, आणि तें डॉक्टरांना आठवणीनें विचारावें.

कुत्रा पाळीव असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात. रेबीजचें विष ज्याच्या लाळेंत उतरलें आहे, असा कुत्रा त्या मुदतींत आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवस त्याला बांधून डोळ्यांसमोर ठेवणें, त्याच्या लशीचा दाखला चावा बसलेल्या माणसाच्या घरीं नेऊन दाखविणें, आणि तो खाईनासा झाला किंवा एकाएकीं बिथरला तर त्याच घटकेस त्या घरीं कळविणें, हें धन्याचें काम. चावा बसलेल्यानें मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहावयाची नसते. पहिली सुई त्याच दिवशीं टोचून घ्यावयाची असते.